कूलर ज्याचा त्याने भरावा

सर्व सुजाण वाचकांस, तसेच एसीत बसून आम्हा उन्हातल्या माणसांची कीव करणाऱ्या समस्त नातेवाइकांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरचा कूलर कोणीही न भरता भरत होता.

हसून घ्या. मी थांबते… झालं? तर पुढे.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी जबलपुरात एका शाळेत केमिस्ट्री शिकवते. लिंबू कापून त्यातून रक्त काढणाऱ्या बाबांची युक्ती मी दरवर्षी आठवीच्या पोरांना करून दाखवते, आणि मग त्यांच्याकडूनच करून घेते. शिवाय आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांत राक्षस, दुष्ट दिवाण आणि खुनी मामा ही कामं माझ्याकडेच असतात, कारण मंडळातल्या एकाही पुरुषाचा आवाज माझ्याइतका भारी नाही. सांगायचा मुद्दा, घाबरवणं हे माझं खातं. घाबरण्याचं खातं मी कधी उघडलंच नव्हतं.

आमचं घर राइट टाउनात. बाबांनी बांधलेलं, एकमजली, साधं. पुढे व्हरांडा, मग बैठक, तिच्या उजवीकडे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि अगदी मागे माझ्या दोन खोल्या. मी लग्न केलं नाही. का, तो किस्सा वेगळा आणि बराच विनोदी आहे. पुढचा भाग माझ्या मोठ्या भावाचा, म्हणजे दादाचा, आणि वहिनीचा. घराच्या उजव्या अंगाला, भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये एक बोळ आहे. चोर येऊ नयेत म्हणून बाबांनी त्याचं रस्त्याकडचं तोंड विटांनी बंद करून टाकलं होतं, आणि कंपाउंडवर काचा लावल्या होत्या. त्यामुळे बोळात जायला वाट एकच, स्वयंपाकघराचं मागचं दार. बोळात एक नळ, एक मोगरा, बसायला एक सिमेंटची पायरी, आणि उजवीकडच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून लावलेला कूलर. हा भूगोल नीट लक्षात ठेवा. परीक्षेत येणार आहे.

कूलर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना खसाचं, म्हणजे वाळ्याचं, गवत, खाली पाण्याची टाकी, मध्ये पंखा. टाकीत पाणी असेल तर खोलीत स्वर्ग. पाणी संपलं की तोच पंखा भट्टीतली हवा तोंडावर मारतो आणि पंप कोरडा खडखडतो. म्हणून जबलपुरात मे महिन्यात प्रत्येक घरी एकच भांडण असतं. कूलर कोण भरणार?

आमच्याकडे भांडण नव्हतं. दादा भरायचा.

दादा फॅक्टरीतून रिटायर झालेला, कमी बोलणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण कूलर भरायची त्याची एक पद्धत होती. सरबताची पिळलेली लिंबं तो कचऱ्यात जाऊ देत नसे. ती सालं तो कूलरच्या टाकीत टाकायचा, म्हणजे पाण्याला वास येत नाही म्हणे. पाइप नळाला लावायचा, टोक टाकीत सोडायचा आणि पायरीवर बसायचा. टाकी भरून वाहायला लागली तरी उठायचा नाही. वाहिलेलं पाणी मोगऱ्याला जायचं, तिथे बुलबुल अंघोळीला यायचे, आणि हा बुलबुल बघत बसायचा.

मग वहिनीची एन्ट्री व्हायची. वहिनीचं माहेर अमरावतीकडचं. तिच्या आवाजाचं काय वर्णन करू! ती स्वयंपाकघरातून "अहोऽऽ! वाहून राहिलं!" अशी हाक द्यायची, तेव्हा गल्लीतून जाणारा कुल्फीवाला गाडी थांबवायचा. त्याला वाटायचं, बाई मलाच बोलावते आहे. इतक्या वर्षांत त्यानं हे ऐकून ऐकून आमच्या दादाचं नाव 'अहोजी' ठेवलं होतं. "अहोजी कैसे हैं?" असं मला विचारायचा.

दादा गेला त्याला गेल्या उन्हाळ्यात दोन वर्षं झाली होती. तीही मे महिन्यातलीच दुपार. जेवण करून तो त्याच उजवीकडच्या खोलीत आडवा झाला होता. खोली खरं तर माझ्या भाच्याची, अनिकेतची. पण तो नोकरीला हैदराबादला गेल्यापासून दुपारी दादाच तिथे झोपायचा. कूलर कोरडा खडखडायला लागला. वहिनी बैठकीतून ओरडली, "अहो, उठा ना! काय पडून राहिले! कूलर भरा!" तो उठला. गेला. पाइप लावल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं पाणी वाहायला लागलं. वहिनीनं हाक मारली. पुन्हा मारली. मग चिडून म्हणाली, "बहिरे झाले का?" आणि तरातरा बोळात गेली.

दादा पायरीवर भिंतीला टेकून बसलेला होता. बुलबुल होते.

डॉक्टर म्हणाले, झोपेत असते तरी हेच झालं असतं. मी म्हणाले, अनिकेत म्हणाला, सगळ्यांनी सांगितलं. वहिनीनं ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून तिचा आवाजच गेला. बोलायची ती, पण एवढंसं, समोरच्याला पुढे वाकावं लागेल असं. मी मुद्दाम भाजी करपवली, मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकला. नाटकातली बाई मी, मला ओरडा खायची सवय आहे, तोच माझा खुराक. ती नुसती यायची, टॉवेल उचलायची, दोरीवर टाकायची आणि निघून जायची. एकदा कुल्फीवाल्यानं मला अडवून हळूच विचारलं, "भाभीजी बेटे के पास चली गईं क्या?" मी म्हटलं, नाही भैया, घरीच आहेत. तो घंटी न वाजवता पुढे गेला.

कूलरवर तिनं पोतं घातलं ते काढलं नाही. जबलपूरचे दोन उन्हाळे ती बिनकूलरची बसली. अनिकेत एसी बसवून देतो म्हणाला तर नको म्हणाली. बोळाकडे ती गेली नाही आणि त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मोगरा वाळून त्याच्या काड्या झाल्या.

म्हणून मी ठरवलं, ती खोली भाड्यानं द्यायची. लोकांना वाटलं दोघी बायकांना सोबत हवी असेल. छे! वहिनीला ओरडायला एक नवं माणूस हवं होतं. माझ्यावर ओरडायचा तिला कंटाळा आला असेल, अशी माझी थिअरी.

भाडेकरूला काय काय द्यायचं यावर आमची बैठक बसली.

"गादी कापसाची द्यायची," वहिनी म्हणाली. "फोमनं पाठ धरते."

"बरं."

"टेबल, आरसा, आणि खुंट्या जास्त लाव. बायकांना खुंट्या कधी पुरतात का?"

"बरं."

"माठ भरून ठेवायचा. थंडीत रजई. आणि सकाळचा चहा."

"वहिनी, आपण भाडेकरू ठेवून राहिलो, जावई नाही."

"घरात एक माणूस उठतं, आणि आपण दोघीच कपात तोंड घालून बसायचं? काहून गं, तुझ्या शाळेत हेच शिकवतात?"

खरं सांगते, त्या वऱ्हाडी 'काहून'नं माझ्या मनात लाडू फुटला. कितीतरी महिन्यांनी ऐकला मी तो शब्द. मी भसकन पुढे बोलून गेले, "आणि उन्हाळ्यात कूलर—"

"नाही."

"अगं, इथे कूलरशिवाय कोण राहील?"

"राहील त्यानं राहावं. कूलर नाही देणार." आणि आवाज पुन्हा तेवढासा.

फेब्रुवारीत प्रीती आली. नरसिंहपूरची पोर, रिछाईच्या एका कारखान्यात लॅबमध्ये नोकरी. मराठीचा एक शब्द येत नव्हता. खोली बघून दारातच उभी राहिली. "आंटीजी, इतना सब? पिछले मकान में तो बल्ब भी मेरा था!" सकाळचा चहा मिळाला तेव्हा तिला वाटलं, पाहुणे आलेत त्यांच्यासाठीचा चुकून आपल्याला दिला. आठवडाभरात मी तिची बुआजी झाले. अनिकेत फोनवर आत्या म्हणतो ते तिनं ऐकलं होतं. वहिनी तिला खाऊ घालायची, केसांना तेल लावून द्यायची, पण सगळं खोलीच्या दाराबाहेर. आत यायची नाही. आणि ओरडायची तर मुळीच नाही. माझी थिअरी नापास.

अर्धा एप्रिल उलटला आणि एके दिवशी प्रीती कामावरून आली ती लाल झालेली, अंग तापलेलं, पाय लटपटत होते. लू लागली होती, ऊन बाधलं होतं. वहिनीनं तिच्या तळव्यांना कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. पोर ग्लानीत म्हणत होती, "आंटीजी, आप परेशान मत होइए, मैं ठीक हूँ." हे सगळं बैठकीत. मग मी तिला खोलीत नेऊन झोपवलं. दारात उभी राहून वहिनी तिच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मंदा, काढ ते पोतं."

मी नवा खस आणवला, पंप बदलला. प्रीती उठून बसू लागल्यावर वहिनीनं तिला समोर बसवून अट सांगितली, तिच्या त्या अर्ध्या मराठी हिंदीत. "बेटा, कूलर चलाओ. पण भरना तुमको ही पडेगा. बुआजी भी नहीं भरेगी. इस घर में कोई नहीं भरेगा. समझी ना?"

"जी आंटीजी. मेरा कूलर, मैं भरूँगी."

झाला करार. कूलर ज्याचा त्याने भरावा.

मे चालू झाला. माझे शाळेत बारावीचे जादा वर्ग होते, सकाळी जायचे ते दुपार करून यायचे. प्रीती संध्याकाळी यायची. दिवसभर घरी वहिनी एकटी, बैठकीत पंख्याखाली. गुडघ्यांमुळे तिचं उठणं-बसणंही कण्हत-कुथत होतं.

एका सुट्टीच्या सकाळी वहिनी आणि मी चहाला बसलो होतो. प्रीती ओंजळ पुढे करत आली. "आंटीजी, पूजा के लिए. बाहर मोगरा खिला है."

वहिनी म्हणाली, "कुठला मोगरा?"

"यहीं का. कूलर के पास वाला."

मला वाटलं, पोरगी पाणी घालत असेल. तसं म्हणाले. तर ती हसली. "मैं कहाँ, बुआजी! आप ही तो रोज़ कूलर भरती हैं, उसी का पानी जाता होगा. मुझे सच में अच्छा नहीं लगता. आंटीजी ने मना किया था, फिर भी आप भर देती हैं. मैंने तो बस पहले दिन भरा था."

मी कप खाली ठेवला. "मी? मी नाही गं भरत."

"अरे बुआजी, अब रहने दीजिए. और वो नींबू के छिलके भी आप ही डालती हैं ना? पानी में ज़रा भी बदबू नहीं आती."

प्रीतीला कोणी सांगितलं नव्हतं. दादा गेला एवढंच तिला माहीत होतं. कुठे, कसा, लिंबाची सालं, यातलं काही नाही. आमच्या घरात ते कोणी बोलतच नव्हतं.

वहिनी हळूच उठली. मोगरा देवापुढे ठेवला आणि तिथेच पाठ करून बसली. आम्ही हाक मारली तरी वळली नाही.

आता माझ्यातली केमिस्ट्रीची बाई जागी झाली. भूत? माझ्या घरात? मला न विचारता? मी लगेच चौकशी सुरू केली. शेजारचं घर बंद, ते लोक नागपूरला गेलेले. कूलरला आपोआप पाणी घेणारा गोळा-बिळा नाही, साधा डबा आहे. पाणी सोडायचं तर हातानं नळ फिरवायला हवा. उरली वहिनी. भ्रमात उठून करत असेल का? म्हणून मी प्रयोग मांडला. सकाळी टाकी अर्धी होती. त्यात मी लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकली. तीच, विहिरीत टाकतात ती. पाणी वांग्यासारखं जांभळं झालं. टाकीतली सालंही काढून फेकली. मग स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला माझं स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून शाळेत गेले. प्रीतीही कामावर. मी मनात म्हणत होते, संध्याकाळी निकाल, आणि निकाल माझ्या बाजूनं.

संध्याकाळी प्रीती आल्यावरच कुलूप उघडलं. दोघी बोळात गेलो.

टाकी काठोकाठ. पाणी फिक्कट गुलाबी, धुवून धुवून पातळ केल्यासारखं. लाल दवेचा रंग खसाच्या गवतानं उतरतो, हे मला कोणी शिकवू नये. मी शिकवते ते. पण रंग उतरला तरी पाणी वाढत नाही. आणि जमिनीवर, कूलरच्या पायापासून मोगऱ्याच्या बुंध्यापर्यंत, वाहून गेलेल्या पाण्याचा तपकिरी माग होता. पाण्यावर लिंबाची दोन ताजी सालं तरंगत होती.

प्रीतीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आणि मी, दुष्ट दिवाण, खुनी मामा, मला एक संवाद आठवेना.

त्या संध्याकाळी मी व्हरांड्यात वहिनीपाशी बसले. सांगावं की नाही ते कळत नव्हतं. तीच म्हणाली, "काहून शोधून राहिली मंदा? मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दुपारी आवाज येतो. पाइपचा. टाकीचा. मला तर दोन वर्षांपासून येतो, तेव्हा तर कूलरवर पोतं होतं. मी म्हणायची, आपल्या डोक्यातच आहे. आता पोरीनं सालं पाहिली. म्हणजे डोक्यात नाही."

मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं, मला तेवढंच येतं. पण ती पुढे बोलली.

"पडले होते गं ते. चांगले पडले होते, डोळा लागला होता. मी उठवलं. त्या दिवशी उठवलं ते उठवलंच… अजून भरूनच राहिले, मंदा. दोन वर्षं झाली. त्यांना कोणी पडा म्हटलंच नाही."

समोरून कुल्फीची गाडी गेली. मी डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली, मला वाईट वाटू नये म्हणून. माणूस गेल्याचं दुःख मी समजू शकत होते, तो माझाही भाऊ होता. पण ही दुपारभर एकटी बसून ऐकायची की आपल्या हाकेनं उठलेला माणूस अजून आडवा झालेला नाही, याला मी काय औषध देणार? आत जाऊन मी ओट्याला टेकून रडले, मोठ्यानं, माझ्या त्या राक्षसाच्या आवाजात.

आणि आता शेवटचा अंक. जूनमधला रविवार, पाऊस अजून यायचा होता, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. प्रीतीनं लिंबाचं सरबत केलं आणि हट्टच धरला. "आंटीजी, आज आप मेरे कमरे में बैठेंगी. बाहर मर जाएँगी गरमी से." वहिनी नको नको म्हणत होती. पोरीनं तिचा हात धरला आणि खरंच आत घेऊन आली. दोन वर्षांनी वहिनी त्या खोलीत आली. त्याच पलंगाच्या कडेला बसली, तळहातानं कापसाची गादी चाचपली. मी सरबताचा पेला तिच्या हातात दिला. कूलर चालू होता, गार वारा येत होता, तिच्या कपाळावरचे केस उडत होते.

मग पंप खडखडला. पाणी संपलं होतं.

प्रीती उठायला लागली, "मैं भरती हूँ," आणि तशीच थांबली. कारण बाहेरून आवाज आला. रिकाम्या पत्र्यावर पाइपची धार पडते ना, तो पोकळ, ढणढणणारा आवाज. मी आधी प्रीतीकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग स्वतःच्या हातांकडे, की हे तरी इथेच आहेत ना. घरात तिघी, तिघीही पलंगावर. मागचं दार मी स्वतः आतून कडी लावून बंद केलेलं.

आवाज बदलत गेला. पोकळ होता तो भरत गेला, जाड होत गेला, आमच्या लहानपणापासूनच्या प्रत्येक दुपारी ऐकलेला तो आवाज. पंपाची खडखड थांबली. खसातून पाणी झिरपायला लागलं आणि वारा पुन्हा गार झाला. प्रीती पुटपुटत हनुमानचालीसा म्हणत होती. मग टाकी भरली आणि पाणी जमिनीवर वाहायला लागलं, सळसळ, मोगऱ्याकडे.

वहिनी उठली. कण्हली नाही. स्वयंपाकघरात गेली, कडी काढली, बोळात उतरली. मी मागे धावले, म्हटलं ही पडेल. दारातच थबकले.

पाइप टाकीत होता. नळ उघडा होता. पायरीपाशी दोन बुलबुल पंख फडफडवत भिजत होते, आम्हाला बघूनही उडाले नाहीत. बाकी कोणी नव्हतं. उन्हाचा एक चौकोन भिंतीवर, आणि भिंतीखाली रिकामी पायरी. वहिनीच्या पावलांवरून पाणी वाहत होतं.

पुढचं आधी सांगून टाकते. त्यानंतर कूलर आपोआप एकदाही भरला नाही. दुपारी रीतसर कोरडा पडतो, खडखडतो, आणि ज्याचा त्याला भरावा लागतो. प्रीती भरते, कधी मी भरते. प्रीती गेली नाही, अजून आमच्याकडेच आहे. घाबरली नाहीस का, विचारलं तर म्हणते, "अंकलजी से कैसा डर? उन्होंने तो मेरा काम किया." वहिनी आता त्या खोलीत जाऊन तिच्या पसाऱ्यावरून तिला झोडपते, आणि मोगऱ्याला पाणी स्वतः घालते. परवा मी करपलेल्या भाजीबद्दल असा ओरडा खाल्ला, असा ओरडा खाल्ला, की जेवण गोड लागलं.

स्पष्टीकरण? नाही. अनिकेत फोनवर म्हणाला, "आत्या, नळाचा वॉशर खराब असेल, प्रेशरनं आपोआप उघडत असेल." असेल बाबा. मी प्लंबर बोलावला, वॉशर ठणठणीत निघाला. आणि खराब असता तरी वॉशर काही लिंबं पिळत नाही. त्या रविवारी सरबताची सालं स्वयंपाकघरात ताटलीत ठेवली होती, प्रीतीनं आणि मी दोघींनी पाहिली होती. नंतर ती ताटली रिकामी होती. पोरांनी वर्गात विचारलं, की मॅडम, असं होऊ शकतं का, तर मी आजही नाही म्हणेन. आणि घरी येऊन पायरीवरून जाताना जरा बाजूनं जाईन, कोणी बसलेलं असेल तर धक्का लागू नये म्हणून.

राहिलं एवढंच, की त्या दुपारी वहिनी बोळात उभी राहून काय म्हणाली. ती नळाकडे बघतच नव्हती. पायरीकडे बघत होती. मला वाटलं, आता कोसळते. मी हात पुढे केला. तर तिनं पदर खोचला, वाकून नळ बंद केला, आणि सरळ होऊन, भर दुपारी, अशा आवाजात ओरडली की रस्त्यावर कुल्फीच्या गाडीची घंटी थांबली—

"अहोऽऽ! भरला कूलर! झालं ना आता… पडा बरं थोडे!"